मासोळीचे एकसष्ट डाग

बोलण्याआधी ते समोरच्या माणसाची हनुवटी दोन बोटांनी जराशी वर करत. गिऱ्हाईक असो, शेजारी असो, की रस्त्यात गाठ पडलेला पोस्टमन असो. मग स्वतःची मान तिरपी करून त्याच्याकडे क्षणभर बघत आणि म्हणत, "हौ. आता बोला." बालाघाटात तीस वर्षं फोटो काढून त्यांच्या बोटांना ही खोडच लागली होती. एकदा ते कुणाकडे समाचाराला गेले आणि रडणाऱ्या यजमानांची हनुवटी उचलून मोकळे झाले. यजमान रडायचे थांबले आणि चक्क सरळ बसले. गावात कुणाला त्याचा राग आला नाही.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. धंदा त्यांच्या हातात इतका मुरलेला असतो, की दुकान बंद झालं तरी हात चालूच राहतात. गाव त्यांना फोटोमास्तर म्हणे. मीही तेच म्हणत असे. त्यांचं नाव मला ठाऊक होतं, पण ते वापरायची वेळ कधी आली नाही.

माझी त्यांची ओळख एकोणीसशे साठच्या दशकातली. मी कोकणातला, खाडीकाठच्या गावचा. रसायनशास्त्र शिकलो आणि मँगनीजच्या खाणीच्या प्रयोगशाळेत लागलो. उकव्याच्या खाणीतून पोत्यांत भरून दगड यायचे, त्यात मँगनीज किती आणि माती किती हे मी सांगायचो. दशांश चिन्हानंतर तीन आकड्यांपर्यंत सांगायचो, आणि त्याचा मला बराच गर्व होता.

ओळखपत्रासाठी फोटो हवा होता म्हणून पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो. मागे रंगवलेला पडदा होता, त्यावर समुद्र. रंगाऱ्याने समुद्र पाहिलेला नसावा, कारण लाटा धानाच्या बांध्यांसारख्या एकीखाली एक नीट आखलेल्या होत्या. मी हसलो. त्यांनी माझी हनुवटी उचलली आणि विचारलं, "काहून हसले साहेब?"

मी म्हटलं, "समुद्र असा नसतो."

"तुमी पाह्यला?"

"माझ्या घरासमोरच आहे."

ते कॅमेरा सोडून माझ्यासमोर स्टुलावर बसले. अर्धा तास समुद्राबद्दल विचारत राहिले. पाणी मागे जातं म्हणजे कुठं जातं, खारं काहून असतं, आणि त्यातल्या मासोळ्यांना तहान लागत असेल का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. फोटो मात्र त्यांनी असा काढला की आईने पत्रात लिहिलं, बालाघाटचं पाणी तुला मानवलं. पाणी मानवलं नव्हतं, त्या आठवड्यात मी हिवतापातून उठलो होतो. माझे बसलेले गाल त्यांनी पेन्सिलीने भरून काढले होते.

हे त्यांचं खरं काम. फोटो काढणं पाच मिनिटांचं, त्यानंतर खिडकीपाशी बसून काचेच्या प्लेटवर, म्हणजे निगेटिव्हवर, तासन्‌तास पेन्सिल चालवायची. पेन्सिलीला सुईसारखं टोक, डोळ्याला घड्याळजीसारखं भिंग. लालबर्रा, रामपायली, कुठून कुठून लोक लग्नाच्या मुलींना घेऊन त्यांच्याकडे येत. त्यांच्या घरच्या, म्हणजे आमच्या काकू, मुलींचे पदर सारखे करत, केस चापून बसवत आणि कानात काहीतरी सांगून त्यांना हसवत. बाकीचं मास्तर करत. मुरूम, भाजल्याचे डाग, देवीचे वण, सगळं त्या पेन्सिलीखाली नाहीसं होई.

मी एकदा त्यांना डिवचलं, "ही फसवणूक नाही का हो?"

ते मुळीच रागावले नाहीत. "फोटो म्हणजे काई कोर्टातली गवाही नाई, साहेब. पोरगी दूर गावी कागदावर जाते. तिथं चार जण तिले हातात घेऊन पाहातेत. तिच्या बाजूनं बोलाले तिथं कोणी राह्यत नाई. मंग मी बोलतो."

आता माशांकडे येतो.

घरात समुद्राच्या पाण्याची टाकी ठेवायची कल्पना मला का सुचली, ते नीट सांगता येणार नाही. घरची ओढ म्हणा, रसायनशास्त्राची मस्ती म्हणा. ॲसिडच्या मोठमोठ्या काचेच्या बरण्या बांबूच्या टोपल्यांत बसवून मी गावी नेल्या आणि समुद्राचं पाणी भरून परत आणल्या. एका बरणीत सहा मासे होते. ओहोटीला खडकांच्या डबक्यात अडकणारे, दोन बोटांएवढे, पिवळट अंगावर काळे उभे पट्टे. मुंबई, नागपूर, गोंदिया, आणि तिथून बालाघाटची छोटी गाडी. सहातले चार जिवंत पोचले.

टाकीची लोखंडी चौकट खारं पाणी खाईल म्हणून आतून डांबर लावलं. हवा सोडायला ट्रकची एक जुनी ट्यूब होती. सायकलच्या पंपाने ती फुगवायची आणि बारीक नळीतून बुडबुडे सोडायचे. पंप मारायचं काम माझी बायको सुमन करी. ती रामपायलीची, आमच्या हेडक्लार्कांची भाची. पहिले आठ दिवस ती म्हणत होती, "वैनगंगा इथं जवळ वाहून राह्यली, अन् तुमी मासोळ्या रेलगाडीनं आणता." नवव्या दिवशी तिने चौघांना नावं ठेवली. त्यानंतर मी टाकीत हात घातला तरी तिला ते खपत नसे.

अख्खा मोहल्ला मासे बघून गेला. मास्तर तर दर रविवारी येत. टाकीपुढे उकिडवे बसत, पाण्यात बोट बुडवून चाटत आणि दर वेळी नव्याने चकित होत. "खरंच खारं आहे हो." सात-आठ महिने मासे उत्तम राहिले. बालाघाटात समुद्र नांदवला म्हणून मी इतका फुगलो होतो, की त्या ट्यूबऐवजी मलाच नळी लावली असती तरी चाललं असतं.

मग एका सकाळी सुमनने हाक मारली. सगळ्यांत मोठ्या माशाच्या काळ्या पट्ट्यांवर पांढरे ठिपके उठले होते, रव्याचे दाणे सांडल्यासारखे. चार दिवसांत चौघांच्याही अंगावर ते आले. मासे दगडावर अंग घासू लागले, खायचे थांबले. सुमनही धड जेवेना.

कॉलेजातला माझा एक मित्र मुंबईला माशांच्या रोगांवर काम करत होता. त्याला पत्र टाकलं. उलट टपाली उत्तर आलं: 'पांढरे ठिपके पाच कारणांनी येतात. एकाचं औषध दुसऱ्याला विष ठरतं. ठिपके केवढे आहेत आणि नेमके कुठे आहेत, ते पाहिल्याशिवाय मी काही सांगणार नाही. फोटो पाठव. तोवर पाण्यात काहीही घालू नकोस.'

मी लगोलग स्टुडिओ गाठला. मास्तरांना काय सांगितलं ते मला शब्दन्‌शब्द आठवतं, कारण पुढे कितीतरी दिवस मी ते मनाशी घोळवत होतो. मी म्हणालो, "मास्तर, मोठ्या माशाचा फोटो काढायचाय. मुंबईला पाठवायचाय. फार चांगला यायला हवा, सगळं त्या फोटोवरच अवलंबून आहे." बस. ठिपक्यांचं काही बोललो नाही. फोटो काढणाऱ्याला रोगाची माहिती कशाला द्यायची, असा माझा थाट.

"बिलकुल बेफिकर राहा," ते म्हणाले.

ते लाकडी तिकाटणं आणि पेटीएवढा कॅमेरा घेऊन आमच्या घरी आले. माशाचा फोटो त्यांनी जन्मात काढला नव्हता. आधी डोक्यावर काळं कापड घेऊन, नेहमीच्या सवयीने माशालाच सांगितलं, "हौ बाई, आता श्वास धरून ठेवा." बाईंनी ऐकलं नाही. पहिल्या प्लेटवर पाण्यात धुराची रेघ उठावी तसं काहीतरी आलं. दुसऱ्या दिवशी फ्लॅशचा दिवा आणला. त्या प्लेटवर मासा नव्हता, पण काचेत पडलेलं माझं प्रतिबिंब बनियनसकट स्वच्छ आलं होतं. मास्तर म्हणाले, "तुमचा चांगला आला."

तिसऱ्या दिवशी ते एक काच घेऊन आले. "गर्दीत पोरगं हालत असलं तर मी त्याले भिंतीशी उभं करतो. याले पण भिंत पाहिजे." त्यांनी ती काच टाकीत हलकेच उभी सोडली आणि मासा पुढची काच आणि ही काच यांच्या मध्ये आला. पुढे-मागे जायला जागाच नाही. मला शास्त्र शिकूनही हे सुचलं नव्हतं. काच म्हणजे त्यांची एक जुनी प्लेट होती, गरम पाण्याने धुतलेली. "याच्यावर लालबर्ऱ्याच्या पाटलाचं लग्न होतं," ते म्हणाले. "ते लोक फोटो न्यायले आलेच नाई." आमचं प्रतिबिंब पडू नये म्हणून काळ्या कापडाला भोक पाडून त्यातून कॅमेऱ्याचं भिंग बाहेर काढलं. दिवा चमकला आणि काम झालं.

फोटो हातात आला तेव्हा मी थक्क झालो. मासा जवळजवळ खऱ्या मापाचा होता. एकेक खवला मोजून घ्यावा असा. डोळ्यात तेज, पट्टे काळेभोर, जणू शाईने आखलेले. मी तो किती वेळ बघत बसलो होतो. एक प्रत घरी फळीवर ठेवली आणि दुसरी स्वतःच्या हातांनी पाकिटात घालून मुंबईला रवाना केली.

दशांशानंतर तीन आकडे बघणारा मी! माझ्या काही लक्षात आलं नाही.

मित्राचं उत्तर आलं: 'मासा ठणठणीत आहे. एवढा देखणा मासा आमच्याकडेही नाही. अंगाला वाळूचे कण किंवा बुडबुडे चिकटत असतील, तेच तुला ठिपके वाटले. उगाच घाबरतोस. पाण्याला हात लावू नकोस.' मी पत्र दोनदा वाचलं. जाणत्या माणसाचं मत, फोटो पाहून दिलेलं. मी स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवला आणि गप्प बसलो. त्यानंतर पाचव्या दिवशी चारातला सगळ्यांत छोटा मासा तळाशी आडवा पडलेला मिळाला.

सुमन फळीवरचा फोटो घेऊन खिडकीपाशी गेली आणि तिथूनच म्हणाली, "याच्यात डाग कुठं आहेत?"

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. डाग नव्हते. एकही नव्हता.

"काकाजींनी काढले," ती म्हणाली. मास्तरांना ती काकाजी म्हणे.

"असं कसं काढतील? न विचारता?"

तेव्हा ती माझ्याकडे वळली. तिच्या गालांवर आणि कपाळावर देवीचे वण आहेत. लहानपणी आल्या होत्या. ती म्हणाली, "तुमच्या आईले माहा फोटो धाडला होता ना? त्याच्यातले वण कुठं गेलते, ते विचारलं का तुमी कधी कोणाले?"

मी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर लग्नाच्या दिवशी ते वण पाहून अर्धा दिवस मी मनातल्या मनात फुरंगटलो होतो, आणि नंतर विसरलो होतो. तिला ते कळलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तिला कळलं होतं.

स्टुडिओत लालबर्ऱ्याहून आलेली मंडळी बसली होती. काकू एका मुलीच्या निऱ्या सारख्या करत होत्या. मी सगळ्यांसमोर फोटो मास्तरांच्या पुढ्यात टाकला. "याच्यावरचे डाग कुठं गेले?"

मास्तर खुशीत हसले. "ते काढले ना! दोन दिवस गेले माहे. वण पेन्सिलनं भरता येते, पांढरे डाग नाई भरत. प्लेटवर ते काळे उमटते, चाकूच्या नोकनं खरवडा लागते. एकसष्ट होते. एक राहू नाई देल्ला."

"मोजले तुम्ही?"

"मोजूनच काढतो मी. नाई तर एखादा राहून जाते, अन् पाहणाऱ्याची नजर बरोबर तिथंच पडते."

"अहो, ते डागच दाखवायचे होते मला! तो रोग आहे. तो कसला रोग आहे हे त्या माणसाला डागांवरून सांगायचं होतं. त्याने मासा ठणठणीत आहे म्हणून कळवलं, आणि आज एक मेला!"

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, कारण त्यांना आधी काही समजलंच नाही. मग समजलं. ते स्टुलावर बसले. "तुमी म्हणलं होतं, मुंबईले पाठवाचा आहे," ते हळू म्हणाले. "चांगला पाहिजे. सारं फोटोवरच आहे. मले वाटलं..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती. तीस वर्षांत 'बाहेरगावी पाठवायचा चांगला फोटो' याचा त्यांच्याकडे एकच अर्थ होता, आणि तो पुढच्या बाकावर निऱ्या सावरत बसला होता.

"त्या मासोळीले मी मारलं का, साहेब?"

"हो," मी म्हणालो.

आयुष्यात माझ्याकडून बरेच शब्द वावगे गेले आहेत. परत घेता आला तर हा एक घेईन. कारण दोष निम्म्याहून जास्त माझा होता, आणि मला ते तेव्हाही माहीत होतं.

मास्तर उठले. त्यांनी लालबर्ऱ्याच्या मंडळींपुढे हात जोडले, "आज माफ करा, उद्या या," म्हणाले, आणि कॅमेऱ्याची पेटी खांद्यावर घेतली. सकाळची वेळ, लग्नाचा हंगाम, गिऱ्हाईक समोर बसलेलं, आणि त्यांनी दुकान बंद केलं. काकू तिकाटणं घेऊन मागोमाग निघाल्या. तिघंही आमच्या घरी टाकीपाशी आलो.

या वेळी मोठा मासा सहज काचेमागे आला. पळायची ताकद त्याच्यात नव्हती. मास्तरांनी त्याला श्वास धरायला सांगितलं नाही. प्लेट काढली, मग डोळ्याला भिंग लावून टाकीला नाक टेकवून बसले आणि ओठ हलवत राहिले. "चौऱ्याण्णव," शेवटी म्हणाले. "लिहून घ्या. शेपटी अन् शेवटचा पट्टा याच्या मधात अकरा होते, आता एकोणीस आहेत. डोळ्यापाशी एकही नव्हता, आता तीन आहेत. कल्ल्यावर सात होते..."

मी कागद-पेन्सिल घेऊन लिहीत होतो आणि माझ्या हळूहळू लक्षात येत होतं, की या माशाच्या अंगाची इतकी खडान्‌खडा माहिती जगात दुसऱ्या कुणालाच नाही. त्यांनी एकेक डाग स्वतःच्या हाताने खरवडला होता. म्हणून त्यांना तो पाठ होता.

फोटो ओला असतानाच मास्तर पुन्हा आले. प्लेटला त्यांनी ना पेन्सिल लावली ना चाकू. धुळीचा एक कण आला होता, तोही तसाच ठेवला आणि फोटोच्या मागे लिहिलं, 'कानाजवळचा मोठा डाग मासोळीचा नाही, धुळीचा आहे.' माशाला कान नसतो हे मी त्यांना सांगितलं नाही.

फोटो आणि यादी मुंबईला रवाना केली, आणि चौथ्या दिवशी तार आली. औषध होतं मोरचूद. मागून आलेल्या पत्रात मित्राने लिहिलं होतं, की फोटोपेक्षाही डाग किती दिवसांत किती वाढले आणि कुठे वाढले, या यादीवरून रोग पक्का झाला. 'ही यादी कोणी केली? आमच्याकडे असा एक माणूस हवा.' मी ते मास्तरांना वाचून दाखवलं. त्यांनी फक्त विचारलं, "मासोळी वाचेल ना पण?"

मोरचूद हे नाजूक काम. जरा जास्त झालं की रोगाबरोबर मासाही जायचा. तिन्ही मासे वेगळ्या बरणीत घेतले. प्रयोगशाळेतल्या तराजूवर मी ते निळे खडे इतके जपून तोलले, की खाणीच्या दगडांना मी कधी तेवढा मान दिला नसेल. सुमन पंप मारत होती. आणि मास्तर रोज सकाळी स्टुडिओ उघडायच्या आधी आमच्याकडे येत, चहाला हात न लावता बरणीपुढे बसत, भिंग लावत आणि मोजत.

पहिल्या दिवशी सत्त्याण्णव झाले. त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी चौऱ्याऐंशी. मग साठाच्या खाली. मग एका दिवशी एकेचाळीस झाले आणि ते म्हणाले, "खाल्लं का तिनं काई?" नव्हतं खाल्लं. पाचव्या दिवशी सुमनने सुकटाचा भुगा टाकला आणि मोठ्या माशाने एक कण गिळला, परत थुंकला, पुन्हा गिळला. मास्तरांनी माझा दंड इतका घट्ट धरला की संध्याकाळी तिथे बोटं उमटलेली होती.

मित्राने लिहिलं होतं, डाग एकदा जातात आणि परत येतात. दोन आठवडे धीर धरा. ते दोन आठवडे आम्ही तिघांनी आणि स्टुडिओत बसून काकूंनी कसे काढले, ते काय सांगू. दहाव्या दिवशी सहा होते. अकराव्या दिवशी नऊ झाले आणि मास्तर तडक उठून निघून गेले. तेराव्या दिवशी दोन. त्यानंतरच्या सकाळी ते नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. बरणी फिरवून डावी बाजू पाहिली, उजवी पाहिली, पुन्हा डावी पाहिली. मग भिंग काढून धोतराच्या सोग्याने पुसू लागले आणि पुसतच राहिले.

"किती?" सुमनने विचारलं.

"नाई," ते म्हणाले. "एकही नाई. बाकीच्या दोघींवर बी नाई." मग माझ्याकडे वळून, अगदी लहान आवाजात म्हणाले, "साहेब, मी नाई काढले हो. आपोआप गेले."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मी त्यांच्या पायांना हात लावला. त्या दिवशी त्यांनी दोन कप चहा घेतला आणि सुमनने केलेले पोहे परत मागून खाल्ले.

या सगळ्याचा त्यांच्यावर एक परिणाम झाला. गिऱ्हाईक आलं की हनुवटी उचलण्याच्याही आधी ते विचारू लागले, "फोटो कशासाठी पाहिजे?" परीक्षेच्या अर्जासाठी आलेल्या मुलांना, पेन्शनीसाठी आलेल्या म्हाताऱ्यांना, सगळ्यांना. एका ठेकेदाराने वैतागून सांगितलं, "भिंतीवर टांगायला!" तेव्हा म्हणाले, "कोणाच्या भिंतीवर?" लग्नाच्या मुलींचे डाग मात्र ते पूर्वीसारखेच काढत राहिले. त्यात त्यांना काही चूक वाटली नाही आणि आता मलाही वाटेनाशी झाली होती.

सुमन एकदा एकटीच त्यांच्याकडे गेली. "काकाजी, माहा एक फोटो काढा. त्या दुसऱ्या वेळी मासोळीचा काढला होता, तसा." त्यांनी तो काढला. तो आमच्या घरात आहे, आणि मला तो आवडतो. हे मी तिला आजवर एकदाच सांगितलं, तेही उशिरा. पण सांगितलं.

पुढे माझी बदली झाली. नवं ठिकाण दोन दिवसांच्या प्रवासावर होतं आणि भर उन्हाळा. मासे वाटेत जगले नसते. आम्ही टाकी, ट्यूब, पंप, मिठाचा अंदाज घ्यायची काचनळी, सगळं मास्तरांना दिलं. दुसऱ्या कुणाच्या हाती ते मासे सोपवायचं आमच्या मनातही आलं नाही. त्यांनी टाकी स्टुडिओत खिडकीपाशी, जिथे बसून पेन्सिल चालवत, तिथे ठेवली. निरोप घेताना म्हणाले, "मी कळवत जाईन. जसं असेल तसं कळवीन."

आणि कळवत राहिले. दर महिन्याला एक पोस्टकार्ड. खुशाली नाही, नमस्कार-चमत्कार नाहीत. 'तिन्ही ठीक. खातात. डाग नाही.' दोन वर्षं हेच. मग एकदा आलं, 'दोन ठीक. एक म्हातारपणाने गेली. नीट पाहिलं, अंगावर डाग नव्हता.' सुमनने ते कार्ड जपून ठेवलं. आणखी वर्षाने 'एक ठीक' झालं. मोठा मासाच उरला होता. हिवाळ्यात एका कार्डावर अक्षर वाकडं आलं आणि पुढचे दोन महिने काहीच आलं नाही. मी सुमनला म्हटलं, टपाल हरवलं असेल. तिने जुनी कार्डं काढून तारखा पाहिल्या.

तिसऱ्या महिन्यात कार्ड आलं. अक्षर काकूंचं होतं, मोठमोठं, ओळ सोडून वर चढणारं. चारच वाक्यं होती.

'ते गेले. त्रास झाला नाही. सकाळी मी पंप मारला. मासोळी ठीक आहे, भिंग लावून पाहिलं, डाग नाही.'